सहा व्यवसाय, एक टोप

भिवंडीला कोणी फिरायला जात नाही. मीही गेले नसते. मी गेले ते माझं बरोबर आहे हे डोळ्यांनी बघायला.

पुण्यातल्या ज्या संस्थेत मी काम करते ती अतिवृष्टी, दरडी आणि बुडालेली शेती यांमुळे गाव सोडावं लागलेल्या कुटुंबांना छोट्या व्यवसायासाठी अनुदान देते. अहवालात या कुटुंबांतल्या बायकांना 'हवामान-विस्थापित उद्योजिका' म्हणतात. अनुदान दोन हप्त्यांत मिळतं. पहिला हप्ता प्रशिक्षणानंतर. दुसरा, व्यवसाय खरंच चालू आहे याचे फोटो दर महिन्याला ॲपवर चढवले तर. ते ॲप मी लिहिलंय. फोटो तपासणारा भागही माझाच. दोन वेगळ्या व्यवसायांच्या फोटोंत एकच वस्तू दिसली की तो दोघांच्या नावापुढे लाल खूण करतो.

सप्टेंबरअखेर त्याने भिवंडीच्या कामतघर भागातले सहा व्यवसाय लाल केले. पापड, लोणचं, टिफिन, चहा-नाश्ता, फरसाण आणि, हे मी मनाचं सांगत नाहीये, 'इव्हेंट केटरिंग'. सहा मालकिणी, सहा नावं, आणि सहाही फोटोंत मागे एकच भलामोठा टोप. डाव्या अंगाला पोचा, उजवी कडी तुटून तिथे जाड तार वळवलेली. माणूस चुकेल, माझा प्रोग्राम चुकणार नाही. मी खूश होते.

"सरळ फसवणूक आहे," संचालक म्हणाले. "पण कुणीतरी जाऊन बघून या. टेक टीमनेही फील्ड बघायला हवं."

टेक टीम म्हणजे मी. शनिवारी दुपारी बाराला दुसऱ्या हप्त्याची यादी बंद होणार होती. तोवर लाल असलेली नावं बाद, आणि पुढची संधी पुढच्या वर्षी. मी बुधवारची एसटी धरली.

बुधवार: मानकोली

कुणाला जायचंच असेल तर मार्ग असा. पुण्याहून ठाण्यापर्यंत एसटी. ठाण्याहून नाशिक हायवेच्या दिशेने शेअर रिक्षा, मागे तीन, पुढे चालकाच्या शेजारी एक, आणि कायद्याचा विषय कुणी काढायचा नाही. मानकोली नाक्यावर उतरायचं. चाळीस रुपये घेतात. सुटे ठेवा, नाहीतर उरलेल्या दहाच्या बदल्यात चालक तुम्हाला मतं देतो. ऑक्टोबरात जाऊ नका. मग कधी जावं, तेही मला सांगता येणार नाही.

मानकोलीला निसर्ग नाही, गोदामं आहेत. आपण घरी बसून रात्री बोटाने मागवलेलं सगळं दुसऱ्या दिवशी जिथून निघतं ती जागा ही. निळे पत्रे, पांढरे पत्रे, ट्रकांच्या रांगा आणि रांगांच्या सावलीत झोपलेले चालक. इथल्याच एका गोदामाचा कोपरा आमच्या संस्थेने भाड्याने घेतलाय. तिथे मला प्रशांत भेटला. हा आमचा भिवंडीचा समन्वयक, वय सव्वीस. मनाने चांगला. पण समाजकार्याची पदवी घेताना त्याच्या तोंडात काही शब्द अडकले ते अजून निघालेले नाहीत.

"मॅडम, मोबिलायझेशन स्ट्राँग आहे," तो म्हणाला. "फक्त ओनरशिप जरा वीक पडतेय."

"टोप कुणाचा आहे?"

"तोच इश्यू आहे."

गोदामात आमच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याची खोकी होती. त्यांत 'उद्योजिका संच'. एप्रन, टोपी, हिशोबाची वही, आणि प्रत्येकीचा हसरा फोटो छापलेला सहा फूट बाय चार फुटांचा फ्लेक्सचा बोर्ड. बोर्ड लावल्याशिवाय पहिला हप्ता मिळत नव्हता. प्रशिक्षणाला आलेल्या सल्लागारांनी सांगितलं होतं, की नाव असेल तर ब्रँड होतो, आणि प्रत्येकीचा व्यवसाय दुसरीपेक्षा वेगळा असेल तरच निरोगी स्पर्धा होते. सहा बायकांनी तीन दिवस हे ऐकलं. शेवटी यादीतलं एक एक नाव वाटून घेतलं. इव्हेंट केटरिंग कुणी घेईना, म्हणून ते सगळ्यात मोठीला दिलं.

"तिला माहितीय इव्हेंट केटरिंग म्हणजे काय?"

"बुधीबाय म्हणाली, लग्नाचं जेवण तर मी चाळीस वर्षं रांधतेय," प्रशांत म्हणाला. "टेक्निकली करेक्ट आहे."

या बायकांचे नवरे इथेच गोदामांत माल उतरवतात. फुटलेले पॅलेट, म्हणजे मालाखाली ठेवायच्या लाकडी चौकटी, परत जाताना घरी नेतात. कशाला, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. संस्थेच्या उद्दिष्टांत मात्र धूरमुक्त चूल आहे.

प्रशांतच्या मोटरसायकलवर मागे बसून भिवंडीत शिरले. शहर दिसायच्या आधी ते दातांत कळतं. नारपोलीच्या गल्ल्यांत प्रत्येक तळमजल्यावर लूम, म्हणजे यंत्रमाग. खटखट असं पुस्तकात लिहितात, पण तो आवाज नुसता कानाला येत नाही. तो गाडीच्या सीटमधून वर चढतो. फोनमधल्या आवाज मोजायच्या ॲपने काटा लाल पट्टीत नेऊन ठेवला आणि तो तिथेच राहिला. विजेच्या तारांवर सुताची पांढरी लव जमलेली. हातगाडीवर कापडाचे तागे, तागांवर उताणा झोपलेला माणूस, आणि गाडी ओढणारा दुसरा. झोपलेल्याची पाळी संपली असेल.

कल्याण नाक्याजवळच्या लॉजमध्ये खोली सातशे, पंखा धरून. पंख्याशिवाय किती, हे मी विचारलं. मालक हसला नाही.

गुरुवार: कामतघर

सकाळी नाश्त्याला वडापाव. चटणी कोरडी, तिखट, चांगली. भिवंडीतली ही एकच गोष्ट मी बिनशर्त सुचवते.

कामतघरात लूमच्या एका बंद गाळ्याला लागून पत्र्याची शेड आहे. बाहेर तलावाकडे उतरणारी गल्ली, आत पॅलेटच्या फळ्यांवर पेटलेल्या दोन चुली. मी दारात उभी राहून आधी डोळ्यांनी टोप शोधला. होता. पोचा डावीकडे, तार उजवीकडे. पुरावा उकळत होता.

मग वर बघितलं आणि थोडा वेळ बघतच राहिले.

शेडच्या पत्र्यांखाली सहाही बोर्ड ताणून बांधलेले होते. छापील बाजू खाली. म्हणजे जेवायला बसणाऱ्याच्या डोक्यावर सहा हसऱ्या उद्योजिका, सहा ब्रँड आणि आमच्या संस्थेचं बोधचिन्ह सहा वेळा. एका चेहऱ्याला भोक पाडून त्यातून दिव्याची वायर खाली सोडलेली.

"पत्रा गळतो," खालून कुणीतरी म्हणालं. "तुमचं बोर्ड लय चांगलं हाय, बाय. पानी धरतं."

ही बुधीबाय. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटकुळी, कमरेला खोचलेलं लुगडं. बोर्डावर तिच्या नावाखाली 'संस्थापक व मुख्य शेफ' असं होतं. तिच्या शेजारी भाकरी थापत होती ती चांगुणा, तिशीची, फोन आणि हिंदी दोन्ही सांभाळणारी. बोर्डाप्रमाणे ती लोणचं. बाकीच्या चौघी आज कामावर गेल्या होत्या, दोघी गोदामात आणि दोघी सोसायट्यांत भांड्याला.

मी टॅब काढला. प्रश्नावली माझीच होती, म्हणून पाठ होती.

"व्यवसाय आठवड्यातून किती दिवस चालू असतो?"

"येक," बुधीबाय म्हणाली.

"तुमचा?"

"येक," चांगुणा म्हणाली.

मी उरलेल्या चौघींना फोन लावला. एक. एक. एक. एकीने विचार करून सांगितलं, एक. मी लिहून घेतलं. सहा बंद पडत आलेले व्यवसाय आणि एक संशयित टोप. प्रशांत पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

तेवढ्यात पाळी सुटली आणि लूमवाले आले. पंधरा, वीस, तीस. केसांत लव, हातात स्टीलची ताटं. हे सगळे महिन्याचे जेवणारे. भिवंडीत अशा खानावळीला भिसी म्हणतात. घर हजार मैलांवर असलेल्या माणसांचं इथलं घर म्हणजे भिसी. मी मोजत बसले. व्यवसाय आठवड्यातून एक दिवस चालणाऱ्या बाईच्या दारात इतकी माणसं असायला नको होती.

"रोज येता?" मी पहिल्याच माणसाला विचारलं. दाढी पिकलेला, नाव इम्तियाज, गाव उत्तर प्रदेशात, लूमवर आयुष्य गेलेलं.

"रोज. सिर्फ जुम्मे को लूम बंद, तो भिसी भी बंद."

"आणि जेवण रोज यांच्याच हातचं?"

"अरे नहीं दीदी, आज गुरुवार है, बुधीबाई का दिन. आज दाल में लहसुन गिनना मत. परसों चांगुणा का है, तो मैं कमरे से मिर्ची लेकर आऊँगा."

"ओ चाचा," चांगुणा तव्यावरून म्हणाली, "शनिवार को आपको भूखा रखूँगी हाँ."

"वैसे भी फीका खाना और भूखा रहना, फर्क क्या है?"

शेड हसली. मी टॅबवर उभ्या सहा रेघा मारल्या आणि वार लिहिले. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. सहा बायका. एकेकीचा एक दिवस, मालकी तिची, बाजार तिचा, चव तिची, त्या दिवशीची कमाई तिची. हाताखाली त्या दिवशी रिकामी असलेली दुसरी. बाकीचे दिवस दुसरीकडे मजुरी, कारण एका कमाईवर भिवंडीत घर चालत नाही. बंद पडत आलेले सहा व्यवसाय नव्हते. एक खानावळ होती, जी आठवड्यातून सहाही दिवस धडधडीत चालू होती, आणि माझ्या फॉर्ममध्ये तिला लिहायला जागा नव्हती.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

बुधीबायने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पाणी प्यायला कोण शिकवतं असं विचारलं होतं.

"आवणीला काय करतात? भात लावायचं तर आज माज्या शेतावं समदी, उद्या तिच्या शेतावं समदी. सावड म्हनतात. शेत गेलं तं सावड बी जाती का?"

"प्रशिक्षणात तुम्ही सांगितलंत का हे?"

"सांगितलं की. त्या सायबांना म्हटलं, आमी सा जनी येकच भिसी घालू. त्ये म्हनले, अशानं स्पर्धा कशी व्हनार? मंग आमी गप बसलू. बोर्ड घेतलं."

प्रशांतने मला बाजूला घेतलं. त्याच्याकडे उपाय तयार होते. फोटो काढताना टोपावर चादर टाकायची. किंवा दर फोटोला टोप फिरवायचा, म्हणजे पोचा दिसणार नाही. किंवा सरळ पाच टोप विकत घेऊन ठेवायचे.

"पाच टोप ठेवायचं कुठं, प्रशांतदादा?" बुधीबायचे कान शाबूत होते. "तुज्या डोक्याव?"

"मावशी, सिस्टीम लाल दाखवतेय. सिस्टीमला कसं समजवायचं?"

"कोन हाय ती शिष्टीम? हितं बोलव तिला. जेवाय घालते."

मी चांगुणाला विचारलं, दुसरा हप्ता कशासाठी हवाय. ती हात पुसत बाहेर आली आणि शेडच्या भिंतीवर थाप मारून म्हणाली, "ह्याच्यासाठी." शेड शेजारच्या लूमवाल्या शेठची. आजवर त्याने तशीच वापरू दिली, आता डिपॉझिट मागतो, महिनाअखेरपर्यंत. दुसरा एक भिसीवाला रोख घेऊन तयार आहे. सहाजणींचे सहा हप्ते एकत्र केले तरच डिपॉझिट भरतं. एक जरी लाल राहिली तरी भरत नाही.

"आणि नाही भरलं तर?" मी विचारलं.

"तर चूल रस्त्यावर. महानगरपालिका उचलंल तवर." ती टोपाकडे बघत म्हणाली, "हाही उचलतील."

मी संचालकांना फोन केला. वस्तुस्थिती क्रमाने सांगितली. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "माझी पूर्ण सहानुभूती आहे. पण सिस्टीम नाही म्हणत असेल तर आपण कोण?"

दुपारी दोन वाजले होते. भूक लागली होती आणि संस्थेच्या नियमावलीत तपासणीला गेलेल्याने लाभार्थींकडून काहीही घेऊ नये असं स्पष्ट आहे. मी बुधीबायला एका जेवणाचे पैसे देऊ केले.

"येका जेवनाचं गिऱ्हाईक आमी घेत न्हाय. महिन्याचं घेतो."

"मग मला जेवता येणार नाही."

"येतं की. सावडीत जेव. पैसं न देता जो जेवतो त्यो शुक्रवारी टोप घासतो. आमच्या नवऱ्यांना बी ह्योच कायदा."

मी नियमावली मनातल्या मनात तपासली. श्रमाच्या मोबदल्यात अन्न. हे कुठल्याच कलमात अडत नव्हतं. मी बसले. तांदळाची भाकरी, तिला लूमवाले सफेद रोटी म्हणतात आणि आधी दोन महिने भांडून मग खायला लागले. वाल घातलेली आमटी, तिच्यात लसूण खरोखर न मोजण्याइतका. वर सहा चेहरे हसत होते. आपलाच व्यवसाय यशस्वी झाल्याची बातमी त्यांना कुणी दिली नव्हती.

शुक्रवार: टोप

शुक्रवारी भिवंडी बघावी. म्हणजे ऐकावी. लूम बंद असतात आणि गल्लीत माणसाचा आवाज माणसाएवढा येतो. शेजारचा गाळा शांत होता. खाली तलावाच्या पायरीवर कुणी कपडे आपटतंय तेही कळत होतं.

सहाहीजणी आल्या होत्या. मी सावडीचा कायदा पाळायला आले होते. तो टोप जर्मनचा, म्हणजे तुमच्या-माझ्या भाषेत ॲल्युमिनियमचा. आत मी मांडी घालून बसू शकले असते. हे मी अंदाजाने सांगत नाही, नंतर बसून बघितलं. बाहेरून काजळीचा जाड थर. पॅलेटचं लाकूड जळताना डिंकासारखा चिकट धूर सोडतं. मी घासणी घेतली आणि भांड्याचा साबण मागितला.

सहाजणी हसल्या. मग हसतच राहिल्या.

"बुडाला माती लावली नवती काल," एकजण म्हणाली. "बुधीबाय, मुद्दाम नाय लावली ना?"

"इंजिनेर हाय ती," बुधीबाय म्हणाली. "बघू दे जरा, काय काय निगतं त्ये."

चुलीवर चढवण्याआधी बुडाला मातीचा लेप द्यायचा असतो, मग काजळी मातीवर बसते आणि पाण्याने निघते. हे मला माहीत नव्हतं. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत हे नव्हतं. काल लेप दिला नव्हता. मी राख आणि नारळाचा काथ्या घेऊन दीड तास घासला. प्रशांतला मदतीला बोलावलं तर तो डॉक्युमेंटेशन करत होता.

पोच्याच्या खाली, काजळी निघाल्यावर, ठिपक्यांची अक्षरं दिसली. भांड्याच्या दुकानात ठोकून देतात तशी. मी अंगठ्याने पुसली. 'मोहाचा पाडा'. बाकी काही नाही. कुणाचं नाव नाही.

"लग्नाचा टोप हाय त्यो," चांगुणा म्हणाली. "आख्ख्या पाड्याचा. वर्गणी काढून घेतलेला. ज्याच्या घरात लग्न त्याच्या घरात टोप."

पाडा शहापूरकडच्या डोंगरात होता. वर कातळ, खाली उतारावर भाताची खाचरं. दोन पावसाळे पाऊस असा आला की उतार फाटायला लागला. आधी भेग, मग दोन घरं, मग सगळ्यांना रातोरात शाळेत हलवलं आणि ती हलवाहलव कायमची झाली. खाचरांवर आता दगड आहेत.

"डोंगर सुटताना पहिलं काय उचललंत?" प्रशांतने विचारलं. तो टिपून घेत होता.

"पोरं," बुधीबाय म्हणाली. "तू काय उचलला असता, फाईल?"

मग तिने सांगितलं, घरातलं ज्याने त्याने उचललं. टोपाला धनी नाही, म्हणून तो मागे राहिला. चार पुरुष दुसऱ्या दिवशी सरकारी माणसांची नजर चुकवून वर गेले आणि बांबूला टांगून घेऊन आले. खाली उतरताना एकदा निसटला. तो पोचा तिथला. माझ्या प्रोग्रामने सहा वेळा बिनचूक ओळखला होता तो.

मी पुसलेला टोप उपडा घातला आणि त्यावर बसून प्रशांतकडून कार्यक्रमाची मार्गदर्शक तत्त्वं मागितली. त्याच्या फोनमध्ये चाळीस पानांची फाईल होती. एकही पान त्याने उघडलेलं नव्हतं. मीही नव्हतं, पण माझ्याकडे दुपार होती. ज्या नियमाखाली सहाजणी लाल झाल्या तो मला वाचायचा होता. म्हणजे त्यात कुठे सूट मिळते का बघता आलं असतं.

व्यवसाय चालू असावा. लाभार्थी स्वतः काम करत असावी. पहिला हप्ता व्यवसायावरच खर्च झालेला असावा. फोटो असावा. चाळीस पानं मी दोनदा वाचली. भांडी वेगळी असावीत, जागा वेगळी असावी, दोघींनी काही वाटून घेऊ नये, असा नियम कुठेही नव्हता.

तो फक्त माझ्या प्रोग्राममध्ये होता. गेल्या वर्षी एका रिकाम्या दुपारी फोटोंची तुलना करणारा भाग मी हौसेने लिहिला, चाललाही छान, म्हणून ॲपमध्ये घातला. कुणी मागितला नव्हता, कुणी तपासला नव्हता. बैठकीत दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. त्यानंतर प्रशांत म्हणत होता सिस्टीम सांगते, संचालक म्हणत होते सिस्टीम नाही म्हणते, आणि शेठ दुसऱ्या भिसीवाल्याला फोन करत होता. सिस्टीम कोण, हे बुधीबायने काल विचारलं तेव्हा सिस्टीम तिच्यासमोर सहा फुटांवर टॅब धरून उभी होती, आणि मग तिचेच वाल खात बसली.

मी लॅपटॉप उघडला आणि संचालकांना चार ओळी लिहिल्या. तुलनेची अट मार्गदर्शक तत्त्वांत नाही, ती मी मंजुरीशिवाय घातली, मी ती काढत आहे. त्यांचा लगेच फोन आला.

"चांगली सूचना आहे. पुढच्या आवृत्तीत घेऊ. समितीची मंजुरी लागेल ना."

"घालताना लागली नव्हती, सर."

"तसं नसतं. एकदा सिस्टीममध्ये आलं की..."

"चूक माझी असं लेखी दिलंय. यादी उद्या बाराला बंद होते. नंतर काढली तर ती सुधारणा राहील, यांना उपयोग नाही."

ते म्हणाले, "पुढच्या मेलमध्ये मला कॉपीत नको ठेवू." संस्थेत याला पाठिंबा म्हणतात.

मी तो भाग काढला. फार ओळी नव्हत्या. मग सहाजणींना टोपाभोवती उभं केलं. बुधीबायने अक्षरं पुढे येतील असा टोप फिरवला, पदराने पुन्हा पुसला. मी एक फोटो काढला आणि तोच सहा फॉर्मना जोडला. शेऱ्यात सहाही ठिकाणी तेच लिहिलं: भिसी एक, पाळीने चालते, चालू आहे, मी स्वतः जेवले.

"येकच फोटू सा येळा?" बुधीबायने टॅबमध्ये डोकावून विचारलं.

"हो."

"आनि हिरवं झालं?"

"झालं."

"मंग त्या सायबांनी तीन दिस काय शिकवलं आमाला?"

प्रशांतकडे याचं उत्तर होतं, पण चांगुणाने त्याच्या हातात टोपाची एक कडी दिली आणि म्हणाली, उचला.

परत

शनिवारी संध्याकाळी पुण्यात. परतीचा मार्ग तोच, रिक्षा तीच असावी, मतं तीच होती.

सोमवारी ऑफिसच्या दारात हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा घेतला नाही. पुन्हा लावला. ओळख पटली नाही. जर्मनची काळी भुकटी आणि राख अंगठ्याच्या रेघांत बसली होती, आणि वरची कातडी काथ्याने खरवडलेली. मनुष्यबळ विभागातली बाई मला चार वर्षं ओळखते. ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मला दिसतेयस गं तू, पण सिस्टीम नाही म्हणते." गुरुवारपर्यंत मी गैरहजर होते. रोज समोर बसून.

सहाही हप्ते जमा झाले. शेठला डिपॉझिट पोचलं. महिन्याच्या बैठकीत संचालकांनी 'सामायिक संसाधन प्रारूप' नावाचं सादरीकरण केलं. पहिल्याच पानावर टोप होता, ठिपक्यांची अक्षरं कापून बोधचिन्ह लावलेलं. पुढच्या वर्षी हे प्रारूप सगळीकडे राबवायचं आहे आणि त्यासाठी तेच सल्लागार तीन दिवसांचं प्रशिक्षण देणार आहेत. मी टाळ्या वाजवल्या. अंगठा दुखत होता.

परवा चांगुणाचा मेसेज आला. शेडच्या पत्र्याचा फोटो, बोर्डांच्या कडेला ओलीचा डाग. खाली लिहिलं होतं, 'ताई अवकाळी आला. तलावाकडच्या अंगानी गळतं. अजून बोर्ड हायेत का ऑफिसात.'

ऑफिसात नव्हते. संध्याकाळी मी घराजवळच्या फ्लेक्सवाल्याकडे गेले. सहा बाय चार, जाड प्रतीचा. त्याने संगणकावर कोरा चौकोन उघडला आणि विचारलं, नाव काय टाकू, फोटो कुणाचा.

"काही टाकू नका," मी म्हटलं. "कडेची भोकं तेवढी नीट पाडा."